मड्डम परीक्षेला बसली

"मड्डम उद्या कॉलेजला जाणार," असं आण्णांनी जाहीर केलं तेव्हा गाळ्यावरचे हमालसुद्धा पोती खाली ठेवून बघायला लागले.

"आन् बाजार?" त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला. "उद्या बाजार हाय न्हवं, आण्णा."

"बाजार मी तोंडी करतो. पोरीची परीक्षा हाय."

मड्डम म्हणजे आमचा कॅल्क्युलेटर. तालुक्याच्या मार्केट यार्डात माझ्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, कांदा-बटाट्याचा गाळा होता. शारजाला नोकरी करणाऱ्या मामानं त्यांना हा बोलका कॅल्क्युलेटर आणून दिला होता. चांगला ताटलीएवढा मोठा. बटण दाबलं की आतून एक गोरी बाई खणखणीत इंग्रजीत आकडा सांगायची. आण्णांनी स्वतः हिशेब केला तर गिऱ्हाईक तो तीनदा मोजायला लावायचं. मड्डमनं सांगितला की मुकाट पोतं उचलायचं. आवाज बंद करायचं बटण चुकून कुणी दाबू नये म्हणून आण्णांनी त्यावर एम-सील थापून ते कायमचं बुजवून टाकलं होतं. बाईनं मोठ्यानंच बोललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. घरातल्या बायकांना हा नियम लागू नव्हता.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते, बी ग्रुपला. बी ग्रुप म्हणजे गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्यांचा. आमच्या वर्गात बायोलॉजीची आवड म्हणून आलेले फार थोडे; बाकी सगळे गणिताच्या तावडीतून निसटून आलेले. बेडूक कापायला लागला तरी चालेल, पण एक्सची किंमत काढायला नको, एवढ्या एका गोष्टीवर सगळ्या वर्गाचं एकमत होतं.

आणि अशा वर्गात नव्यानंच आलेल्या देशिंगे सरांनी सांगितलं की यंदा सहामाहीच्या बायोलॉजीच्या पेपरात गणितं असतील.

माझ्या मागच्या बाकावरचा रियाज मुल्ला उठला. "सर, आम्ही गणित सोडलंय."

"तुम्ही सोडलंय. त्यानं तुम्हाला सोडलंय का?" सर म्हणाले. "पण घाबरू नका. कॅल्क्युलेटर चालेल."

झालं, वर्गात दिवाळीच! कॅल्क्युलेटर चालणार म्हटल्यावर अभ्यास कशाला करायचा? सर पुढेही काहीतरी सांगत होते. बटण दाबायच्या आधी उत्तर साधारण केवढं येईल याचा अंदाज बांधायचा आणि आलेल्या उत्तराकडे एकदा माणसासारखं बघायचं, असं काहीसं. पण तोवर कुणाच्या चुलत्याकडे कसला कॅल्क्युलेटर आहे यावर चर्चा पेटली होती आणि सरांचं बोलणं फळ्यालाच ऐकू गेलं.

मला मात्र दिवाळी साजरी करायची सोय नव्हती. मी सायन्सला जाणं आण्णांना मुळातच पटलं नव्हतं. थोरला भाऊ फौजेत गेलेला, म्हणजे गाळा बघायला मीच उरले होते. बरीच रडारड झाल्यावर आमच्यात तह झाला होता: सहामाहीला बायोलॉजीत साठ टक्के पडले तर सायन्स, नाहीतर दिवाळीनंतर कॉमर्स आणि दुपारचा गाळा. प्राचार्यांच्या कानावरही त्यांनी ते घालून ठेवलं होतं. सायन्स कशाला हवं, असं आण्णा विचारायचे आणि मला धड सांगता यायचं नाही. नववीत मला मलेरिया झाला तेव्हा लॅबवाल्या काकांनी माझ्याच रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली ठेवून मला बघू दिली होती. ते बघितल्यापासून मला दुसरं काही बघावंसंच वाटत नव्हतं. आता हे कांद्याच्या गाळ्यावर बसून कुणाला सांगणार?

"आण्णा, दुसरा साधा कॅल्क्युलेटर घ्या की," मी म्हणून बघितलं होतं.

"घरात मड्डम असताना? ती काय कमी शिकलीय?"

म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी मड्डमला टॉवेलात गुंडाळून मी परीक्षेला गेले.

सुपरव्हिजनला खोत सर होते, आमचे पीटीचे सर. गळ्यात शिट्टी घालून ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. थिअरीचे प्रश्न मी बरे सोडवले. मग गणितं आली. पहिलंच नाडीचं होतं: पंधरा सेकंदांत अठरा ठोके पडतात, तर मिनिटाला किती? मी टॉवेलाच्या घडीत हात घातला, वरून ओढणी टाकली, खोकल्याचं नाटक केलं आणि बटण दाबलं.

"वन! एट! टाइम्स! फोर! इक्वल्स! सेव्हन्टी-टू!"

बाजाराच्या गोंगाटात रोज ऐकलेला तो आवाज. परीक्षेच्या शांततेत तो खिडकीच्या काचांना जाऊन भिडला.

खोत सरांनी पेपर खाली केला. "कोण बोललं?"

"कॅल्क्युलेटर, सर."

"काय?" ते उठून आले, ओढणी बाजूला केली आणि एक बटण दाबून बघितलं. "फाइव्ह!" मड्डम म्हणाली. सर दचकून मागं सरले. "हिच्यायला, इंग्लिश मीडियम हाय की!"

"सर, आवाज बंद होत नाही. ठेवून देऊ का?"

खोत सरांनी भिंतीवरची परीक्षेची नोटीस वाचली. पुन्हा एकदा वाचली. सर नियमाचे पक्के होते. "कॅल्क्युलेटर चालेल, एवढंच लिवलंय. मुका पायजे असं कुठं लिवलंय? चालू दे."

खरं तर एवढ्या आवाजाबद्दल वर्गातून कुणीतरी तक्रार करायला हवी होती. पण सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या आणि पेनं चालायला लागली होती. ज्यांनी स्वतःचे कॅल्क्युलेटर आणले होते त्यांनी तेही बाजूला ठेवले. त्यांचं साधं, मुकं यंत्र. आणि इथं एक बाई इतक्या आत्मविश्वासानं, तेही इंग्रजीत, उत्तर सांगते आहे!

"गिरजे," मागून रियाज कुजबुजला, "पुढचं दाब की. आम्ही थांबलोय."

पुढचं गणित कांद्याचं होतं. मायक्रोस्कोपखाली बघून काढलेल्या आकृतीत कांद्याच्या पापुद्र्यातली एक पेशी ऐंशी मिलीमीटर लांब आहे. आकृती चारशे पटीनं मोठी केली आहे. तर पेशीची खरी लांबी किती? 'पटीनं' हा शब्द दिसला आणि मी विचारच केला नाही. पट म्हणजे गुणाकार.

"एट! झीरो! टाइम्स! फोर! झीरो! झीरो! इक्वल्स! थर्टी-टू थाउजंड!"

बत्तीस हजार मिलीमीटर. मी लिहिलं. वर्गानं लिहिलं.

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "गुड मॉर्निंग, मॅडम!"

प्राचार्य होते. व्हरांड्यातून जाताना त्यांनी आतून एका इंग्रजी बोलणाऱ्या बाईंचा आवाज ऐकला होता आणि वरून कुणीतरी तपासणीला आल्याची त्यांची खात्री झाली होती. कोटाचं बटण लावून, केसांवरून हात फिरवून ते हसतमुखानं आत आले. आत खोत सर, आम्ही पोरं आणि टॉवेल.

"मॅडम कुठायत?"

खोत सरांनी माझ्या बाकाकडे बोट दाखवलं.

प्राचार्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं, आणि फुकट गेलेल्या गुड मॉर्निंगचा सगळा राग माझ्यावर निघाला. त्यांनी मड्डमला उचललं आणि तरातरा निघाले. उचलताना बोटं बटणांवर पडली होती. "सेव्हन! सेव्हन! प्लस! नाइन!" करत मड्डम व्हरांड्यातून लांब लांब गेली आणि शेवटी एकदाचं केबिनचं दार लागलं.

मला रडूच आलं. शेवटचं गणित राहिलं होतं, आणि साठाच्या हिशेबात प्रत्येक मार्काला महत्त्व होतं. गणित होतं: आधीच्या प्रश्नातल्या पेशी एकीला एक लावून ठेवल्या तर दोन सेंटीमीटर लांबीच्या पापुद्र्यात किती मावतील?

बाकीच्यांनी बाजूला ठेवलेले कॅल्क्युलेटर परत काढले आणि टकाटका बटणं दाबून उत्तर लिहून टाकलं. माझ्याकडे होते फक्त पेन आणि मी. दोन सेंटीमीटर म्हणजे वीस मिलीमीटर. वीसला बत्तीस हजारांनी भागायचं. मी भागाकार मांडला. वीसमध्ये बत्तीस हजार जातात किती वेळा? जात नाहीत. शून्य दिलं. तरी जात नाहीत. अजून शून्य दिलं. मी त्या बत्तीस हजारांकडे असहायपणे बघत बसले, आणि बसल्या बसल्या त्याचे मीटर केले. बत्तीस मीटर.

बत्तीस मीटर म्हणजे आमच्या गाळ्यापासून यार्डाच्या फाटकापर्यंत. एक पेशी. म्हणजे गाळ्यात तिचं एक टोक आणि फाटकात दुसरं. मग अख्खा कांदा केवढा? तो पार बेळगावला जाऊन टेकला असता. आणि आण्णा त्याच्यासमोर उभे राहून हमालाला म्हणताहेत, "उचल रे, नीट उचल, ठेचू नको!"

मला हसू फुटलं. दाबायला गेले तर नाकातून आलं. मग आवरेचना.

खोत सर कडाडले, "ए तोडकर! दात काय काढालीस? लग्नाची वरात चाललीय काय इथं?"

मी तोंडात ओढणी कोंबली. हसता हसताच मला दिसलं की आकृती मोठी आहे, पेशी बारीक आहे, म्हणजे चारशेनं भागायला पाहिजे. ऐंशी भागिले चारशे. बोटांवर होण्यासारखं होतं. शून्य पूर्णांक दोन मिलीमीटर. आणि वीस मिलीमीटरात अशा पेशी शंभर. मी बत्तीस हजारांवर काट मारली, दोन्ही उत्तरं लिहिली, तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि खोत सरांनी हौसेनं शिट्टीही वाजवली.

चार-पाच दिवसांनी आण्णांना कॉलेजात बोलावणं आलं.

ते आले ते तापलेलेच. मड्डम प्राचार्यांच्या कपाटात जप्त होती आणि अख्खा बाजार त्यांना गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत काढावा लागला होता. केबिनमध्ये प्राचार्य, देशिंगे सर आणि खोत सर बसले होते. टेबलावर मधोमध मड्डम. तिच्या बाजूला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

"तोडकर," प्राचार्य म्हणाले, "तुमच्या मुलीनं परीक्षेत सामूहिक कॉपी घडवून आणलीय. अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच. बत्तीस हजार! आणि पुढच्या प्रश्नाला लिहिलंय, पापुद्र्यात शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य सहा दोन पाच पेशी मावतात. हिचा पेपर रद्द का करू नये?"

पेपर रद्द म्हणजे शून्य. आणि शून्य म्हणजे कॉमर्स.

"पण सर," देशिंगे सर म्हणाले, "हिचं उत्तर बरोबर आहे. अख्ख्या वर्गात हिचं एकटीचंच."

प्राचार्यांनी माझा पेपर बघितला. काट मारलेले बत्तीस हजार बघितले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मग तर हे जास्तच वाईट! म्हणजे सगळ्यांना मुद्दाम चुकीचं ऐकवलं आणि स्वतः गुपचूप बरोबर लिहिलं!"

आण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता इथंच कानफटात बसणार.

"म्हंजे," आण्णा सावकाश म्हणाले, "सडका माल गावाला आन् निवडक घरला?"

"अगदी तसंच," प्राचार्य म्हणाले.

आण्णांचा चेहरा उजळत गेला. इतकं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर मी दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं. "साहेब, हे तर अस्सल धंद्याचं डोकं! मी उगंच काळजी करत हुतो. हिला आजच कॉमर्सला घाला."

"आण्णा, नाही!" मी ओरडलेच. "मी मुद्दाम नाही केलं! मी पण आधी तेच लिहिलं होतं."

"मग बदललंस कधी?" देशिंगे सरांनी विचारलं. "कॅल्क्युलेटर तर काढून घेतला होता."

"काढून घेतल्यावरच. मी उत्तराचे मीटर केले, सर. बत्तीस मीटर झाले. मग मला आमचा गाळा दिसला आणि... यार्डाच्या फाटकापर्यंत ती पेशी... आणि कांदा बेळगावला..." एवढ्या गंभीर ठिकाणी मला पुन्हा हसू यायला लागलं. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू, अशी माझी भलतीच अवस्था झाली.

"हां हां हां!" खोत सर खुर्चीतून उठले. "म्हणून हसली व्हय ही! साहेब, मीच दम दिला की हिला. वरात चाललीय काय, म्हटलं. तुम्ही यंत्र घेऊन गेल्यावरच. हसली आन् मग खालमानेनं खाडाखोड करत बसली. मुद्दाम फसवणारा असा सगळ्यांदेखत हसतो काय? तो घरी जाऊन हसतो."

देशिंगे सरांनी गठ्ठ्यातले पेपर एकेक करून उलटले, बत्तीस हजार, बत्तीस हजार, बत्तीस हजार, आणि म्हणाले, "एवढ्या पोरांनी हे उत्तर लिहिलं, सर. हसू एकटीला आलं. मला शिकवायचं होतं ते एवढंच."

मला त्या क्षणी सरांच्या पाया पडावंसं वाटलं.

आण्णा मात्र मघापासून दुसऱ्याच विचारात होते. "मास्तर," ते म्हणाले, "बत्तीस मीटर न्हाई हे आलं ध्यानात. पण मग खरी केवढी असती? आन् ती कुणाला दिसती काय?"

"चला, दाखवतो," देशिंगे सर म्हणाले. "कांदा आणायला मात्र शिपायाला पाठवावं लागेल."

"कशाला?" आण्णांनी कोपरीच्या खिशातून नमुन्याचा कांदा काढला. तो त्यांच्या खिशात कायम असायचाच.

लॅबमध्ये सरांनी मलाच काच तयार करायला सांगितली. मी कांदा कापला, आतल्या पाकळीचा पापुद्रा चिमट्यानं सोडवला, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरला, लाल रंगाचा एक थेंब सोडला. आण्णा माझ्या हातांकडे बघत होते. मायक्रोस्कोपला त्यांनी आधी भलताच डोळा लावला, मग मिटायचा तो उघडा ठेवला, मग सरांनी त्यांच्या एका डोळ्यावर हात धरला.

बराच वेळ ते दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बघत राहिले.

"गिरजा," शेवटी डोळा न काढताच म्हणाले, "ह्या तर विटा रचल्यात गं."

"हो, आण्णा."

"एकेकीत ठिपका हाय."

"ते केंद्रक."

"आन् हे सगळ्या कांद्यात असतंय? सडक्यात पण?"

"सडक्यात पण."

"आयुष्य गेलं माझं कांद्यात," ते म्हणाले. मग पुन्हा डोळा लावला. बाहेर तास बदलल्याची घंटा झाली, पोरांचा गलका झाला, तरी ते उठेनात. आण्णांना असं गप्प बसून काही बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मलेरियाच्या वेळी त्या लॅबमध्ये मीही अशीच बसले होते, आणि हेच मला त्यांना इतके दिवस सांगता येत नव्हतं.

पेपर रद्द झाला नाही. पण प्राचार्यांना त्यांच्या गुड मॉर्निंगचा कुठंतरी हिशेब लावायचाच होता. परीक्षेत आवाज केल्याबद्दल त्यांनी माझे पाच मार्क कापले. मड्डम परत मिळाली.

आठवड्याभरानं निकाल लागला. मला शंभरपैकी बासष्ट पडले होते. पाच गेल्यावर सत्तावन्न.

रियाजनं सांत्वन केलं, "गिरजे, कॉमर्सला गेलीस तरी मड्डमला इकडंच ठेव." मी प्रगतिपुस्तक छातीशी धरून रडत रडत यार्डात आले. गाळ्यावर एक गिऱ्हाईक हिशेबासाठी खोळंबलं होतं आणि आण्णा मड्डमला पुढ्यात घेऊन बसले होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला.

"सत्तावन्न," ते म्हणाले.

"हो."

"मग रडतीस कशाला?"

"तुम्ही साठ म्हणाला होता."

"मी?" आण्णांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि गिऱ्हाइकाकडे, हमालांकडे, सगळ्या यार्डाकडे एकदा बघून घेतलं. "मी कवा म्हणालो साठ? मड्डम म्हणाली असंल. तिचं काय ऐकतीस, पोरी? ती कांद्याची पेशी बत्तीस मीटर करती."

आणि मड्डमवर टॉवेल टाकून त्यांनी गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी करायला घेतला.